माफीचे साक्षीदार आणि अंतूरचा कडा

कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने १८३६ साली कलकत्त्यात ‘रामसीयाना’ नावाचा ग्रंथ छापवला. वरकरणी तो ठगांच्या गुप्त बोलीचा कोश होता. पण कोशापेक्षा त्यातल्या प्रश्नोत्तरांनीच वाचकांना धरून ठेवले. पकडलेल्या ठगांना समोर बसवून स्लीमन विचारतो आणि ते सांगत जातात: शकुन कसे पाहायचे, सावज कसे हेरायचे, रुमाल कसा टाकायचा. या बोलण्यात एका ठिकाणी वेरूळचा विषय निघतो. फिरंगिया नावाचा ठग आणि त्याचे सोबती सांगतात की आमच्या धंद्यातले प्रत्येक काम वेरूळच्या भिंतींवर कोरलेले आहे. फास टाकणारे आहेत, प्रेत वाहून नेणारे आहेत, पुरणारेही आहेत. मराठवाड्यातल्या कन्नड गावाहून वेरूळ तासाभराच्या आत गाठता येते, त्यामुळे पडताळा पाहणे अवघड नाही. दशावतार लेण्यात नरसिंहाच्या हाती सापडलेला हिरण्यकश्यपू आहे, कैलासाखाली दबलेला रावण आहे, अंधकासुराचा वध आहे, रामेश्वर लेण्यात हाडांचा सापळा होऊन बसलेला काळ आहे. रुमाल घेतलेला ठग मात्र कुठेही नाही. ज्याच्या डोक्यात जे असते ते त्याला दगडात दिसते, हे खरेच. त्यात ठगांचे नवल नाही. नवल आहे ते विचारणाऱ्याचे. शिक्षेच्या छायेत असलेल्या माणसाने धंद्याच्या बढाईत मारलेली एक थाप सरकारी अधिकारी जपून उतरवून घेतो, ती छापली जाते आणि इंग्रजी वाचक ती वाचून शहारतो. गुन्ह्याच्या खऱ्या कथांचे आजचे जे अफाट वेड आहे, त्याची एक मुळी अशी आपल्या मुलखात रुजलेली आहे.

हे वेड आजच्या पिढीचे, मोबाइलचे आणि वेबमालिकांचे, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. खुनांवरच्या मालिका, ध्वनिफितींसारखे ऐकायचे कार्यक्रम, काळोख्या कादंबऱ्या यांच्याकडे बोट दाखवून माणसाची रुची बिघडली असे म्हटले जाते. रुची बिघडली की नाही, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. माणसाला खुनाची गोष्ट ऐकावीशी वाटते, आणि ते कुतूहल फार जुने आहे. विचारायचे ते वेगळेच. एकाच काळात, एकाच मुलखात हजारो माणसे मारली गेली असताना त्यांपैकी काहींच्याच मरणाची गोष्ट का होते? माझे म्हणणे असे की गुन्हेकथेचा घाट वाचकाच्या विकृतीने घडवलेला नाही. तो घडवला माफीच्या साक्षीदाराने, म्हणजे जिवाच्या बदल्यात बोलणाऱ्या गुन्हेगाराने आणि त्याला बोलते करणाऱ्या सत्तेने. ज्या हत्याकांडात असा बोलणारा सरकारला हवा होता, ते जगाच्या वाचनात गेले. ज्यात तो नको होता, ते गॅझेटियरच्या एका परिच्छेदात राहिले. या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत दख्खनमध्ये घडल्या आणि दुसरी तर कन्नड तालुक्यातच घडली.

आधी पहिली. ठगांविरुद्धच्या मोहिमेपुढे एक कायदेशीर अडचण होती. वाटसरू परमुलखातला, मारणारा परमुलखातला, खून तिसऱ्याच ठिकाणी, प्रेत जमिनीत आणि तक्रार करायला कोणीच नाही. साक्षीदार असतील तर ते मारेकऱ्यांतच. म्हणून स्लीमनने पकडलेल्यांतले काही फोडले. त्यांना जीवदान मिळे. सुटका मात्र नाही. त्यांनी साथीदारांची नावे सांगायची, पुरलेली प्रेते दाखवायची आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याने उचलून धरायचे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. कोणाचा खून, कुठे, कधी, हे प्रत्येक वेळी सिद्ध करण्याची गरज उरली नाही. म्हणजे ज्याचा गळा आवळला गेला त्याचा तपशील खटल्यालाच नकोसा झाला आणि ज्याने आवळला त्याचा तपशील मोलाचा ठरला. माफीचा साक्षीदार बोलतो तोवरच उपयोगी. साहजिकच तो भरपूर बोलतो, साहेबाला काय ऐकायचे आहे याचा अंदाज घेत बोलतो आणि आपला धंदा जितका प्राचीन, जितका गूढ, जितका देवीच्या आज्ञेतला, तितकी आपली किंमत जास्त हेही त्याच्या ध्यानात येते. वेरूळच्या लेण्यांवरचा हक्क हा याच बोलण्याचा भाग.

या बोलण्याला कादंबरीचे रूप देणारा माणूस औरंगाबादेत घडला. फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूलमध्ये जन्मला, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी म्हणून पोरवयात आला आणि तिथे जमले नाही तेव्हा १८२४ मध्ये औरंगाबादला निजामाच्या फौजेत दाखल झाला. पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याने पाहिला, तुळजापूरच्या परिसरावर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. मराठवाड्याला तो परका नाही. १८२९ च्या सुमारास निजामाच्या मुलखातल्या काही भागाच्या पोलिसीची जबाबदारी त्याच्याकडे होती आणि ठगांचा माग लागण्याआधीच त्याला पलटणीत परत बोलावले गेले, ही हळहळ त्याच्या आत्मचरित्रात आहे. नंतर हैदराबादेकडे ठगांचे जबाब घेण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. त्यातून १८३९ मध्ये लंडनला ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक अमीर अली हा प्रत्यक्षातल्या एका माफीच्या साक्षीदारावर बेतलेला. त्याच्या नावावर ७१९ खून आहेत आणि मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार पुरे केले असते, अशी त्याला रुखरुख आहे. व्हिक्टोरिया राणीला पुस्तक बांधून होण्याचीही उसंत नव्हती, छापले जाणारे फर्मे तिने मागवून वाचले, असे सांगतात.

कादंबरीची रचना पाहण्यासारखी आहे. एक साहेब बसलेला, समोर कैदी. साहेब मधूनच हुंकार देतो, क्वचित दटावतो, पुन्हा सांग म्हणतो. वाचक बसतो तो साहेबाच्या खुर्चीत. तिथून सगळे ऐकता येते, हात मात्र स्वच्छ राहतात. गोष्ट संपली की कैदी कोठडीत जातो आणि आपण जेवायला. अमीर अली देखणा आहे, वाक्चतुर आहे, प्रेमळ बाप आहे, दोस्तांचा दोस्त आहे. आजच्या मालिकांतला सुसंस्कृत खुनी आपल्याला नवा वाटतो, पण तो पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनच्या वाटांवर घोड्यावरून फिरून गेलेला आहे. टेलर हा वाईट लेखक मुळीच नव्हे. त्याच्या पुस्तकातले मुक्काम, सराया, संध्याकाळी एकमेकांना सोबत मागणारे काफिले हे सारे डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि म्हणूनच ते वाचवते. पण ७१९ हा आकडा लक्षात ठेवणारा वाचक त्या ७१९ पैकी किती नावे सांगू शकेल?

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अलीकडे फार लोकप्रिय आहे: ठगी हे सगळेच इंग्रजांचे कुभांड. हिरालाल गुप्तांनी १९५९ मध्ये आणि पुढे स्टुअर्ट गॉर्डन यांनी या चित्राला प्रश्न विचारले. किम वॅगनर यांच्या २००७ च्या पुस्तकाने ते प्रकरण आणखी नीट उलगडले. या अभ्यासातून कुभांड असा सरधोपट निष्कर्ष निघत नाही. वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, प्रेते उकरून काढली गेली होती. शंका आहे ती अखिल हिंदुस्थानभर पसरलेल्या, पिढीजात, कालीभक्त अशा एका गुप्त पंथाबद्दल. तो पंथ बराचसा प्रश्न विचारणाऱ्याच्या आणि उत्तर देणाऱ्याच्या संगनमताने आकाराला आला. कुभांड म्हणून सगळे झटकून टाकले की मेलेले दुसऱ्यांदा मरतात, आणि या वेळी स्वकीयांच्या हातून. ते होते कोण, याचा थोडा अंदाज तरी बांधता येतो. रजेवर घरी निघालेले पलटणीतले शिपाई हे एक ठरलेले सावज होते. कमरेला वर्षभराची बचत आणि वाट लांबची. १८१० मध्येच लष्कराने शिपायांना बजावले होते की वाटेत अनोळखी सोबत घेऊ नका, रोकड जवळ बाळगू नका, पैसे हुंडीने पाठवा. म्हणजे ‘रामसीयाना’च्या सव्वीस वर्षे आधी सरकारला धोका ठाऊक होता. रजा संपून शिपाई हजर झाला नाही की पलटणीच्या लेखी तो पळून गेला. घरी वाट पाहणाऱ्यांना तो नोकरीतच आहे असे वाटायचे. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत तो माणूस नाहीसा झाला. माफीच्या साक्षीदाराला त्याच्याबद्दल फार काही माहीत नसते. एक रात्र गप्पा मारल्या, एवढेच. त्यामुळे गोष्टीतही तो एका रात्रीपुरताच येतो.

आता दुसरी गोष्ट. कन्नडच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग खानदेशात उतरते. वरच्या पठारावरून चाळीसगावकडे जाणारे घाट या रांगेतून जातात आणि त्यांवर नजर ठेवणारा अंतूरचा किल्ला नागापूरजवळ उभा आहे. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाही काळातला एक दगडी स्तंभ आहे. त्यावर पर्शियनमध्ये बऱ्हाणपूर, दौलताबाद, जालना, चाळीसगाव अशा गावांच्या दिशा कोरलेल्या आहेत. एवढी ही वाट वर्दळीची होती. या घाटांची राखण पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल नाईकांकडे असे. जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर आणि आसपासच्या गावांवर त्यांचे हक्क होते, आणि ते मिळाले की वाट सुरक्षित राहायची. ही व्यवस्था फार प्रेमळ होती असे नाही, पण ती चालत होती. १८०२ नंतर होळकरांच्या स्वाऱ्यांनी खानदेश उजाड झाला, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला, हक्क बुडाले, गावे ओस पडली आणि घाट राखणारेच घाट लुटू लागले. यावर त्या वेळच्या अंमलदारांनी जे केले ते १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये थोडक्यात नोंदलेले आहे. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावी भिल्लांना बोलणीसाठी म्हणून बोलावून घेतले आणि दग्याने धरून विहिरींत टाकले. अंतूरच्या कड्यावरून दरवर्षी शेकड्यांनी भिल्ल खाली लोटले जात. माफीच्या वचनावर विसंबून शरण आलेल्यांची डोकी मारली गेली किंवा त्यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. बायकामुलांचे जे झाले ते गॅझेटियरनेही एकाच वाक्यात उरकले आहे.

ही नोंद इंग्रजांची आहे, आणि मागचा अंमल जितका क्रूर दाखवावा तितका आपला अंमल दयाळू दिसतो, हे इंग्रज चांगले जाणून होते. शेकड्यांचा आकडा म्हणून तराजूत घालून घ्यावा. पण ही शंका ठगांच्या बाबतीतही तितकीच लागू होती, तरी तिथे तिने जगाचे कुतूहल कमी केले नाही. कोपरगाव आणि अंतूर यांची आठवण नुसती कागदी नव्हती, हे पुढच्या हकिकतीवरून दिसते. १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. सातमाळ्याची दक्षिण एजन्सी कॅप्टन ओव्हान्सकडे होती आणि तिचे ठाणे कन्नडला होते. जुने गुन्हे माफ, कसायला जमीन, बैल-बियाण्यांना तगाई, नाइकांना वेतन, असा ओव्हान्सचा मार्ग होता; तिकडे धरणगावाकडे जेम्स आउट्रम भिल्लांची पलटण उभी करत होता. सुरुवातीला कोणी फिरकेना. ज्यांच्या वडिलांना माफी म्हणून बोलावून कड्यावरून लोटले, त्यांना पुन्हा माफी म्हणून बोलावले जात होते. आउट्रमने अखेर आपल्या जिवाची राखणही भिल्लांवरच सोपवली, तेव्हा कुठे गाडे हलले. कन्नडच्या घाटाला आजही त्याचे नाव आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यालाही आहे. अंतूरवरून पडलेल्यांपैकी एकाचेही नाव कुठल्या कागदावर आढळत नाही.

दोन्हींकडे माफीचा शब्द आहे. ठगाला माफी मिळाली, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखे होते आणि सरकारला ते ऐकायचे होते. भिल्लाला माफी म्हणून जे मिळाले ते मरण होते, आणि त्याचे सांगणे ऐकायची कोणाला गरज नव्हती. ओव्हान्सच्या काळात ती गरज थोडी उत्पन्न झाली, पण जबाबासाठी नव्हे, शांततेसाठी. शांततेला कबुलीजबाब लागत नाहीत. त्यामुळे कन्नडच्या ठाण्यातून ‘रामसीयाना’ निघाले नाही, अंतूरचा अमीर अली झाला नाही आणि लंडनच्या राणीने कुठलेच फर्मे मागवले नाहीत. अंतूरचा कडा भयकथेला काय कमी पडला असता? काहीच नाही. दरी आहे, किल्ला आहे, दगा आहे, मरणारे आहेत. नव्हता तो फक्त बोलणारा मारेकरी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: या दोन गोष्टींची तुलनाच चुकीची. एक गुन्हा, दुसरे राज्यकारभारातले क्रौर्य. गुन्हेकथा गुन्ह्याची असते. सत्तेने केलेल्या कत्तली हा इतिहासाचा विषय आणि तिथे त्यांची दखल घेतली जाते. हा भेद मी उडवून लावणार नाही. कड्यावरून लोटणारा शिपाई हुकूम पाळत होता, रुमाल टाकणारा स्वतःच्या लोभाने वागत होता, आणि कायद्याला हे दोन वेगळे मानावे लागते. शिवाय अंतूरची गोष्ट गुन्हेकथेच्या घाटात बसवली तर एखादा क्रूर किल्लेदार खलनायक म्हणून उभा करावा लागेल, आणि मग हक्क बुडण्याची, दुष्काळाची, वसुलीची सगळी यंत्रणा त्या एका माणसाच्या मिशीआड लपेल. तेही नकोच. पण दखल इतिहासात घेतली जाते, हे म्हणणे मात्र टिकत नाही. कन्नड तालुक्यात शाळा शिकलेल्या किती जणांना अंतूरच्या कड्याचा हा उपयोग ठाऊक असेल? किल्ल्याच्या माहितीत दरवाजे येतात, तटबंदी येते, शिलालेख येतात. आणि कुठला खून गुन्हा आणि कुठला कारभार, हे ठरवणारा हात तोच आहे, जो साक्षीदाराला माफी देतो. वाचकाने तो हात पाहिला नाही, तर कुतूहल आपले स्वतःचे आहे असा त्याचा भ्रम कायम राहतो.

मराठी वाचकाला खुनाची गोडी लागली ती ठगांमुळे, असे अर्थातच नाही. वाल्या कोळ्याची कथा कीर्तनांतून किती शतके सांगितली जाते आहे. त्यातही एका खुनामागे एक खडा आणि खड्यांनी भरलेले रांजण आहेत. मेलेल्यांची मोजदाद तीही आकड्यानेच. पण वाल्या घरी जाऊन बायकोमुलांना विचारतो की या पापाचा वाटा उचलाल का, आणि ते नाही म्हणतात. लुटीवर जगणाऱ्या घराचा हिशेब कथेतच मांडला जातो. अमीर अलीच्या साहेबाला तो सुचत नाही. छापील काळात हा धागा तुटला. रेनॉल्ड्सच्या लंडनी रहस्यकथांची मराठीत लाट आली, गो. ना. दातारांनी त्यांना देशी पेहराव चढवला आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांनी दोन पिढ्यांना वाचायला लावले. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या जगात खून ही कोड्याची पहिली सोंगटी. मेलेला माणूस पान दोनवर येतो आणि पान तीनवर विसरला जातो. अर्नाळकरांना नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. ते काल्पनिक आहे हे वाचक जाणत होता, आणि काल्पनिक प्रेताचे नातेवाईक नसतात.

खरी अडचण खऱ्या खटल्यांत येते. मानवतला, परभणी जिल्ह्यात, नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत लहान मुली आणि बायका यांचे खून होत राहिले. पिंपळावरच्या मुंजाला रक्त द्यायचे, गुप्तधन मिळवायचे, मूल व्हायचे, असा हेतू तपासात पुढे आला. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपास केला, पुढे त्यांनी लिहिलेल्या आठवणींवर २०२४ मध्ये वेबमालिका आली. सूत्रधार म्हणून ज्यांची नावे गावोगाव घेतली जात होती, ते वरच्या न्यायालयात सुटले, ही गोष्ट मात्र आख्यायिकेत कोणी सांगत नाही. आख्यायिकेला निर्दोष सुटका सोसत नाही. आणखी एक गोष्ट सुटते. हा काळ बहात्तरच्या दुष्काळाचा. गुरे छावणीला, माणसे खडी फोडायला, विहिरी आटलेल्या. धनाचा हंडा सापडेल ही आशा आणि पोरीबाळींचे राना-ओढ्याला एकटे जाणे, दोन्हींमागे हा दुष्काळ उभा आहे. पण मालिका पाहणाऱ्याच्या मनात राहतो तो पिंपळ. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खटल्यात तर जुना साचा अगदी उघड दिसतो. १९७६-७७ मध्ये दहा खून झाले, कला महाविद्यालयातली चार मुले दोषी ठरली, सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला, २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांतल्या मुनव्वर शाहने तुरुंगात आपली कबुली लिहून काढली आणि ते पुस्तक महाराष्ट्राने वाचले. १९८६ मध्ये या प्रकरणावर चित्रपट आला त्याचे नावच ‘माफीचा साक्षीदार’. मारल्या गेलेल्यांतले काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे व्याकरणाचे मोठे पंडित होते, त्यांचा कोश आजही अभ्यासक वापरतात. पण सामान्य मराठी माणसाला अभ्यंकर हे नाव खटल्याच्या जोडनावातला दुसरा शब्द म्हणूनच ठाऊक आहे.

अशा वाचनाचे समर्थन करणारे दोन मुद्दे नेहमी मांडले जातात. एक, सावधपणा येतो, विशेषतः बायकांना. फसवणूक कशी होते, घरातला माणूस कसा घातक ठरतो, हे कळते. यात तथ्य आहे आणि ते हसण्यावारी नेणे हा पुरुषी उद्धटपणा होईल. १८१० चे लष्करी फर्मानही शेवटी हेच करत होते. मात्र त्या फर्मानात ठगाच्या देवीचे वर्णन नव्हते. रोकड बाळगू नका एवढेच होते. सावधपणासाठी लागणारी माहिती फार थोडी असते आणि ती रंजक नसते. दुसरा मुद्दा उलट्या बाजूचा, की यातून गुन्हे शिकले जातात. हे म्हणणाऱ्यांनी अर्नाळकरांच्या वाचकांकडे पाहावे; त्यांतले बहुतेक कारकून झाले, शिक्षक झाले आणि वेळेवर निवृत्त झाले. वाचनाने हात बदलत नाहीत. बदलते ते लक्ष, कोणाकडे पाहायचे याची सवय.

ती सवय उलटवणारे लेखन मराठीत झाले आहे आणि तेही ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले त्यांच्याकडून. ठगांच्या मोहिमेत जो न्याय रुजला, टोळीत जन्म हाच पुरावा, त्याचे पुढचे रूप म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. माणसे हजेरीला बांधली गेली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये ठेवली गेली, आणि हा कायदा उठायला ऑगस्ट १९५२ उजाडला. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. तिच्यात दरोडा आहे, खजिना लुटणे आहे, पण आधी दुष्काळात मरणारा मांगवाडा आहे. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ चे, लातूर भागातले. हेही एका अर्थी कबुलीचे पुस्तक आहे: चोरी कशी शिकवली जाते, मार कसा सोसायचा, पोलिसाचा वाटा किती. फरक खुर्चीचा आहे. इथे साहेब नाही, माफी नाही, कोणी प्रश्न विचारलेला नाही. ‘रामसीयाना’तल्या उत्तरांत प्रश्नकर्त्याचा पगार, बढती आणि इभ्रत कुठेच येत नाही, ‘उचल्या’त पोलीस ठाणे हे एक पात्र आहे. साहित्य अकादमीने १९८८ मध्ये त्याला पुरस्कार दिला आणि वाचकांनी ते बहुधा दलित आत्मकथनांच्या फळीवर ठेवले. त्याची जागा टेलरच्या शेजारी आहे, म्हणजे दोघांची ओळख होईल.

मग मेलेल्यांचे काय, त्यांची नावे शोधून काढून त्यांच्या गोष्टी सांगायच्या का? इथे शेवटचा आक्षेप उभा राहतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मानवतच्या त्या मुलींची भावंडे आज साठीत-सत्तरीत असतील. मारेकऱ्याऐवजी बळीला नायक करू, या सदिच्छेने कोणी कॅमेरा घेऊन त्यांच्या ओट्यावर बसला, तर तो त्यांच्यावरचा दुसरा आघात ठरेल. खरी नावे मिळवण्याचा हट्ट हा कुतूहलाचाच दुसरा चेहरा असतो. म्हणूनच काळोख्या कादंबरीचा अधिकार खऱ्या खटल्याच्या कथनापेक्षा मोठा आहे असे माझे मत आहे. तिला नावे बदलता येतात, घरे हलवता येतात, आणि खटल्याला जे निरुपयोगी ते सगळे मांडता येते. टेलरने हेच स्वातंत्र्य घेतले, फक्त ते मारेकऱ्यासाठी खर्च केले. सातमाळ्याबद्दल तर कागद इतका थोडा आहे की तिथे इतिहासकाराच्या आधी कादंबरीकारालाच जावे लागेल. हाताशी असलेले साहित्य अगदीच कमी नाही: घाटावरचे हक्क, होळकरांची स्वारी, १८०३ चा दुष्काळ, गॅझेटियरचा तो परिच्छेद, वीस वर्षांनी कन्नडला येऊन पुन्हा तोच शब्द उच्चारणारा कॅप्टन. निवेदक शोधायचा तर मारेकरी नको आणि मेलेलाही नको. माफीचे वचन वाड्यावर ऐकून डोंगरातल्या वस्तीवर सांगायला जाणारा कोणीतरी मध्यस्थ असणारच, दोन्ही बोली येणारा, दोन्हीकडे ऊठबस असलेला. वचन खोटे आहे हे त्याला कधी कळले, आणि कळल्यावर तो पुढच्या वस्तीवर गेला की नाही, एवढ्या एका प्रश्नावर तीनशे पाने लिहून होतील.